पृथ्वीगोलावरचा दोरा

विमानात मी सिनेमा लावत नाही, नकाशा लावते. पडद्यावरचं ते इवलंसं विमान केसाकेसानं सरकतं आणि मी टक लावून बघत बसते. शेजारच्याला वाटत असेल, बाईला दुसरं काही सुचत नाही. खरंच सुचत नाही.

खोड लागली 2019 मध्ये, टोकियोहून हेलसिंकीला जाताना. निघण्याआधी पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणून पाहिला होता. सपाट नकाशावर वाट सरळ पश्चिमेची वाटते. गोलावरचा दोरा मात्र उत्तरेला चढून सैबेरियावरून गेला. तेवढाच कापला आणि तिथेच चिकटवून ठेवला. अंतर सुमारे 7,800 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900 धरला, म्हणजे पावणेनऊ तास.

लागले जवळजवळ दहा. एक तर वेळापत्रकातली वेळ विमान जागचं हललं की सुरू होते आणि पलीकडे जागेवर लागलं की संपते. धावपट्टीपर्यंतचं रांगणंही त्यातच. शिवाय वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. पूर्वेला निघालात तर पाठीवर, पश्चिमेला निघालात तर तोंडावर. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यामुळे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं होतं; एरवी साडेसहा-सात तास लागतात. त्या रात्री उलट दिशेनं निघालेल्यांचं काय झालं असेल, देव जाणे.

2023 च्या हिवाळ्यात तोच प्रवास पुन्हा करायचा होता. तिकिटावर तेरा तास! आधी वाटलं, मधे थांबणारं विमान घेतलं की काय. मग डोक्यात उजेड पडला: 2022 पासून फिनलंडच्या विमानांना रशियाचं आकाश बंद आहे. म्हणजे विमानतळ जागचे हलले नव्हते, दोराही होता तिथेच, फक्त त्याच्यावरून जायची सोय राहिली नव्हती.

यावेळी विमान पश्चिमेला जायचं सोडून ईशान्येला निघालं. पॅसिफिक, बेरिंगची सामुद्रधुनी, मग वर वर. ध्रुवाजवळ मी झोपले नाही, हे सांगायलाच नको. पडद्यावर दिशा ‘उत्तर’ होती, काही वेळानं पाहते तर ‘दक्षिण’. विमान तर वळलं नव्हतं! उत्तर संपली होती, एवढंच. ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्रही हातात पडलं, ते मी शाळकरी मुलीसारखं पर्समध्ये जपून ठेवलं.

हेलसिंकीचं घड्याळ हिवाळ्यात टोकियोच्या सात तास मागे. त्यामुळे तेरा तास बसून पाठीचं लाकूड झालं तरी भिंतीवरच्या घड्याळाच्या मते मी सहाच तासांत पोहोचले होते.

घरी आल्यावर गोल काढला. जुना दोरा सोडवून नव्या वाटेवर लावायला गेले, तर तो ध्रुवापर्यंत कसाबसा पोहोचला.