बेथलेहेमच्या आया

बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली सगळी मुलं मारायचा हुकूम ज्याने दिला, तो राजा हेरोद या चित्रात नाही. बाळ येशूही नाही. तो मरिया-योसेफबरोबर मिसरच्या वाटेला लागलेला. मागे उरल्यात बेथलेहेमच्या बाकीच्या आया, त्यांची दोन वर्षांच्या आतली पोरं आणि तलवारी उपसलेले शिपाई. चित्र इटलीच्या रॅफेल या चित्रकाराने रचलेलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरलं मार्कान्तोनियो रायमोंदीने, साल १५१२च्या आसपास. 'निष्पाप बालकांची हत्या' या एन्ग्रेव्हिंगचा पाचशे वर्षांपूर्वीचा छापील ठसा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये माझ्यासमोर टेबलावर ठेवला गेला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

आधी त्या खोलीविषयी सांगते, कारण तिचं मला अजून नवल वाटतं. म्युझियमच्या वरच्या मजल्यावर मुद्राचित्रं आणि रेखाटनांची अभ्यासिका आहे. संग्रहात वीस लाखांहून जास्त ठसे आहेत आणि जवळपास पन्नास हजार रेखाटनं. आधी वेळ ठरवायची, ओळखपत्र दाखवायचं, बॅग बाहेर ठेवायची, पेन नाही, फक्त पेन्सिल. एवढं पाळलं की कुणालाही बसता येतं. पैसे नाहीत. तुम्ही कोण, कुठल्या विद्यापीठाच्या, कशासाठी बघायचंय, हे मला कुणी विचारलं नाही. मी दवाखान्यात नोकरी करते, कलेचं शिक्षण शून्य. तिथल्या बाईंनी जाड पुठ्ठ्यात बसवलेला कागद आणून ठेवला, भिंग हवंय का विचारलं आणि त्या आपल्या कामाला लागल्या. आपल्याकडे एका संग्रहालयात काही जुनी चित्रं बघायला मिळतील का म्हणून मी अर्ज केला होता. "संशोधक आहात का? मग संस्थेचं पत्र आणा," इथेच विषय संपला.

गावी फोनवर हे सांगितलं की ऐकावं लागतं, "तुला आता तिथलंच सगळं गोड लागतं." तसं नाहीये. मुंबईच्या दमट हवेत, अपुऱ्या पैशात कागद टिकवणारी माणसं किती मेहनत घेतात ते मला माहीत आहे. आणि याच म्युझियममध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचे, आपल्याकडून नेलेले दगड बघताना माझंही रक्त तापतं. पण हा इटलीतला ठसा आपल्याकडून उचललेला नाही, त्याच्यासमोर बसताना मला संकोच वाटत नाही. घर सोडून इथे आले त्याची किंमत मी मोजतेच आहे. मग त्या बदल्यात जे मिळतं तेही मोकळेपणाने घ्यावं, असं मला वाटतं.

आता चित्र. रुंदी सुमारे त्रेचाळीस सेंटीमीटर, उंची अठ्ठावीस. मधोमध एक आई पोराला छातीशी कवटाळून सरळ आपल्या दिशेने धावत येते. तोंड उघडं. भिंगाखाली त्या तोंडाच्या काही बारीक रेघाच दिसतात, भिंग बाजूला केलं की पुन्हा किंकाळी. कोरणीने पत्र्यात रेघ खणायची, तिच्यात शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून रुळाखालून काढायचं. सगळी छाया आडव्या-तिरप्या रेघांच्या जाळीतून आणि ठिपक्यांतून उभी केलेली. शिपाई उघडे आहेत, प्राचीन पुतळ्यांसारखे घडवलेले देह, पावलं जणू नाचातली. त्यांच्या पायाशी मेलेली बाळं. खुनी इतके देखणे का, याचा मला तिथे बसल्या बसल्या रागच आला. तो अजून पुरता गेलेला नाही. रॅफेलला शरीर रेखाटायचं होतं, ते त्याने रेखाटलं. आयांना मात्र त्याने कपडे दिले आणि चेहरे दिले, म्हणून मी त्याला माफ करते.

पाठीमागे पूल आहे, आणि तो बेथलेहेमचा नाही. रोममध्ये टायबर नदीतल्या बेटाकडे जाणारा फाब्रिचियो पूल तो, आजही उभा आहे. म्हणजे बघणाऱ्या रोमकराला ही हत्या आपल्याच गल्लीत घडताना दिसत होती. पुढे १५२७मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सचं सैन्य खरोखरच रोममध्ये शिरलं आणि शहर लुटलं. रॅफेल तोवर वारला होता. मार्कान्तोनियोचं होतं नव्हतं ते गेलं, आणि तो बोलोन्याकडे परतला.

असले ठसे आपल्याकडे पोचायलाही फार काळ लागला नाही. १५८०मध्ये गोव्याहून गेलेल्या जेज्विट पाद्र्यांनी फत्तेपूर सीक्रीत अकबराला अँटवर्पचं सचित्र बायबल भेट दिलं. मुघल चित्रकार अबुल हसनने १६०० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, जर्मन चित्रकार ड्यूररच्या क्रूसाच्या एन्ग्रेव्हिंगमधला संत योहान असा काही रेखाटला की ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियनमध्ये तो पाहताना माझी मान ताठ झाली.

आमच्या वसईत या बाळांचा सण २८ डिसेंबरला येतो. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, बायबलातलं मत्तयचं वाचन होतं, इस्राएलची आदिमाता राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि कुणाच्या समजावण्याने शांत होत नाही, एवढं ऐकायचं आणि लग्नघरी पळायचं. ते दिवसच लग्नांचे. आमची पोरं नाताळच्या गव्हाणीत, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, रहाटाची विहीर करतात, केळीची बाग करतात, रॅफेलने पूल आणला तसं आपलं गाव बेथलेहेमला नेतात. मेंढपाळ असतात, उंट असतात. त्या आया कुठेच नसतात.

मामेभाऊ गावच्या गव्हाणीचं काम बघतो. त्याला चित्राचा फोटो पाठवला आणि म्हटलं, यंदा अठ्ठावीस तारखेला एका कोपऱ्यात एवढी एक धावणारी बाई ठेव. तो म्हणाला, "ताई, लोक लहान मुलांना घेऊन येतात गं. सणाला हे कशाला दाखवायचं?" त्याचा मुद्दा मला कळतो, पटत नाही. ज्या घरांतून त्या रात्री बाळ वाचलं नाही ती घरंही त्याच गावात होती, आणि गाव उभारायचंच तर पूर्ण उभारावं. मी त्याला तसं लिहिलंय. अजून उत्तर नाही, पण नाताळला वेळ आहे. मी पुन्हा विचारणार आहे.