मुका टप्पा

पेन ड्राइव्ह लावला, लॅपटॉपचं बटण दाबलं आणि आम्ही दोघं कान लावून बसलो. खोलीत डोळस माणूस एकही नव्हता. मी जन्मांध. सरांची दृष्टी जाऊन दीड वर्ष झालेलं.

लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली डोळ्यांशिवाय बसवता येते का, हे तपासणं माझं काम आहे. नवी आवृत्ती आली की ती कोऱ्या मशीनवर बसवायची. पॉवरच्या बटणापासून डेस्कटॉपपर्यंत आवाज कुठे तुटतो, कुठलं बटण स्वतःचं नाव सांगत नाही, ते टिपायचं आणि बनवणाऱ्यांना कळवायचं. यातलं बरंचसं व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात, चालतं. तिथलं साउंड कार्ड खोटं असतं, साधं आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या ओळखीचं, त्यामुळे ते कधी दगा देत नाही. खऱ्या लॅपटॉपवर मात्र पहिला प्रश्न हाच असतो, की हा मुळात बोलेल का.

सर निवृत्त प्रोग्रामर. वीसेक वर्षं लिनक्सवर काम केलेले. दृष्टी गेल्यावर त्यांनी बोलणारा फोन शिकून घेतला, पण पहिल्या भेटीतच मला म्हणाले, "फोन ठीक आहे हो. मला माझं टर्मिनल परत हवंय." टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायची खिडकी. त्याआधी त्यांनी घरी एकट्याने प्रयत्न करून पाहिला होता, हाताशी असलेल्या जुन्या पेन ड्राइव्हवरून. लॅपटॉपने तोंडच उघडलं नाही. आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून त्यांनी तो कपाटात ठेवून दिला होता.

त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांमध्ये साउंड ओपन फर्मवेअर नावाची फाइल चिपमध्ये भरल्याशिवाय आवाज निघत नाही, आणि जुन्या इंस्टॉलरमध्ये ती नसायची. पाहणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. तो आवाजाशिवाय इंस्टॉल करतो आणि फर्मवेअर नंतर टाकतो. आमच्यासाठी आवाज नाही म्हणजे पडदाच नाही. लिनक्सच्या अनेक अवतारांपैकी एक असलेल्या डेबियनने २०२२ साली मतदान घेऊन असं फर्मवेअर, मुक्त नसलेलंही, अधिकृत इंस्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते आत आलं. त्या निर्णयावर वाद झाला तो मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वावरून, आणि ते तत्त्व मलाही प्रिय आहे. पण सरांचा लॅपटॉप कपाटातून बाहेर आला तो या निर्णयामुळे.

त्या दिवशी सुरुवात मात्र आम्ही दुसऱ्याच एका सिस्टीमने केली. तिचा ग्राफिकल इंस्टॉलर छान आहे असं सरांनी ऐकलं होतं, आणि माझ्या चाचणीच्या यादीतही ती होती. लाइव्ह डेस्कटॉप, म्हणजे इंस्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारा, सुरू झाल्याचा अंदाज घेऊन आल्ट, सुपर आणि एस एकत्र दाबलं, ओर्का हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणारा प्रोग्रॅम, बोलू लागला. भाषा, वेळ, कीबोर्ड, सगळं वाचून झालं. मग डिस्क निवडायचं पान आलं आणि ओर्का म्हणाला, "रेडिओ बटण, निवडलेलं नाही." टॅब दाबला. "रेडिओ बटण, निवडलेलं." पुढे "पॅनेल". बस्स.

लॅपटॉपमध्ये डिस्क दोन होत्या. एक ५१२ जीबीची, नवी, रिकामी. दुसरी १ टीबीची, तिच्यावर सरांचा सगळा बॅकअप, पत्रांसकट. त्यातली एक पुसली जाणार होती, आणि कुठली, हे सांगायला इंस्टॉलर तयार नव्हता. पडद्यावर त्या बटणांशेजारी नावं नक्की लिहिलेली असणार. पण स्क्रीन रीडर पडद्यावरची अक्षरं पाहत नाही. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या खिडकीतल्या वस्तूंचं एक झाड एटी-स्पीआय नावाच्या व्यवस्थेमार्फत समोर ठेवतो: ही वस्तू काय आहे, तिचं नाव काय, ती कुठल्या स्थितीत आहे. ओर्का तेवढंच वाचतो. लेबल बटणाच्या शेजारी रंगवलं पण बटणाशी जोडलंच नाही, तर पाहणाऱ्याला ते दिसतं आणि आमच्यापर्यंत पोहोचत नाही. जोडणं एखाद्या ओळीचं काम असतं. याचीच मला दर वेळी चीड येते.

"पहिलं बटण म्हणजे पहिली डिस्क असणार," सर म्हणाले.

"असेलही. पण सर, मी तुमच्या पत्रांवर अंदाज लावणार नाही."

त्यांनी हात कीबोर्डवरून काढून घेतला. मी इंस्टॉलर बंद केला, दोष टिपून ठेवला आणि दुसरा पेन ड्राइव्ह काढला. डेबियनचा.

हा बूट मेनूवर, म्हणजे सुरुवातीच्या पर्यायांच्या यादीवर, पोहोचला की बीप करतो. मशीन सुरू करणारं फर्मवेअर जुनं बायोस असेल तर एकदा, नवं यूईएफआय असेल तर दोनदा. म्हणजे मशीन कुठल्या पद्धतीने सुरू झालं, हेही कानाला कळतं. त्याआधीचा फर्मवेअरचा मेनू मात्र मुकाच असतो. तिथे सरांची जुनी आठवण कामाला आली. "एफ-बारा, मग खालचा बाण एकदा," ते म्हणाले. दोन बीप वाजले. सरांनी एस दाबून एंटर केलं, आणि अर्ध्या मिनिटाने त्यांच्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून ई-स्पीकचा, अक्षरांचा आवाज करणाऱ्या प्रोग्रॅमचा, तो धातूसारखा आवाज आला. सर काही बोलले नाहीत. मला फक्त त्यांची खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

या पद्धतीत खिडक्या नाहीत, माउस नाही. प्रश्न वाचला जातो, पर्यायांना क्रमांक असतात, आपण क्रमांक टाइप करून एंटर दाबायचं. नुसतं एंटर म्हणजे सुचवलेलं उत्तर मान्य. मागच्या प्रश्नावर जायचं तर 'पेक्षा लहान'चं चिन्ह. दिसायला हे रुक्ष असेल, पण कानाला याहून सोयीचा इंस्टॉलर मला अजून भेटलेला नाही. आवाज सुरुवातीला फार संथ असतो. मी सरांना सांगितलं, कॅप्स लॉक धरून ६ दाबा, वेग वाढेल. ५ ने कमी होईल. २ ने आवाज मोठा, १ ने लहान. इथे बोलतो तो ओर्का नव्हे, स्पीकअप. तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, राहतो आणि कॅप्स लॉक ही त्याची हाक मारायची कळ. सर नव्या खेळण्यासारखे त्या कळा वापरत राहिले. प्रत्येक प्रश्नाला वेग जरा वाढवायचे, न कळल्यास कमी करायचे. तासाभरात बोटांना सवय लागली.

डिस्कच्या प्रश्नाला दोन्ही डिस्क क्षमतेसह वाचल्या गेल्या. सरांनी ५१२ जीबीचा क्रमांक टाइप केला, मला पुन्हा वाचून घ्यायला लावला, आणि मगच एंटर दाबलं. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करायचीच, असा त्यांचा आग्रह होता. मी आधी बजावलं. एन्क्रिप्शन घेतलं तर प्रत्येक वेळी सुरू होताना एक मुका टप्पा येतो. तिथे पासफ्रेज, म्हणजे कुलूप उघडायचा पासवर्ड, विचारली जाते, पण विचारल्याचं ऐकू येत नाही.

"का? स्पीकअप कर्नलमध्ये आहे म्हणालात ना?"

प्रश्न बरोबर होता. स्पीकअप अक्षरं पकडतो, पण त्यांचा आवाज करणारा ई-स्पीक हा वेगळा प्रोग्रॅम आहे, आणि तो राहतो त्याच डिस्कवर जी अजून कुलपात आहे. कुलूप उघडेपर्यंत मेमरीत एक लहानशी तात्पुरती व्यवस्था चालू असते. तिच्यात डिस्क उघडायला लागतं तेवढंच भरलेलं असतं. पूर्वी सिरीयल पोर्टला जोडायच्या स्वतंत्र बोलत्या पेट्या असत. त्यांचा आवाज त्यांच्या पोटातच असल्यामुळे स्पीकअप त्यांना इतक्या लवकरही बोलतं करू शकायचा. ब्रेल डिस्प्लेची वाट वेगळी आहे, पण सरांना ब्रेल अजून येत नव्हतं.

"चालेल," सर म्हणाले. "मोजून टाइप करीन."

इंस्टॉल संपलं, पेन ड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा सुरू केलं. पंखा फिरला. सरांनी मनात तीस मोजले, पासफ्रेज टाइप केली, एंटर. शांतता. आणखी एक मिनिट शांतता. पुन्हा टाइप केली. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा.

अशा वेळी मनात एकदम दहा शक्यता गर्दी करतात. ग्रब, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, नीट बसला नाही? फर्मवेअर इंस्टॉलरमध्ये होतं पण डिस्कवर उतरलं नाही? सिस्टीम केव्हाच सुरू झाली आहे आणि फक्त आवाज गेलाय? पाहणारा माणूस पडद्यावर एक नजर टाकून या सगळ्याचं उत्तर एका क्षणात देतो. मी शेजारच्या संगणकावरून नेटवर्कवर हाक मारून पाहिली, उत्तर नाही. म्हणजे सिस्टीम तिथवर पोहोचली नसावी. पण वायफायची बोलणी लॉगिननंतरच होत असतील तर तोही पुरावा कच्चाच.

"माझ्याच्याने होणार नाही हे," सर हळू म्हणाले. कपाटात लॅपटॉप ठेवताना हेच म्हणाले असतील.

मी पॉवरचं बटण दाबून धरलं, मशीन बंद केलं. "सर, पुन्हा एकदा. पण या वेळी मी काही बोलणार नाही. तुम्ही मघासारखंच करा."

त्यांनी केलं. मी त्यांची बोटं ऐकत होते. पंखा, मग मोठा विराम, मग डावीकडची एक रुंद कळ आणि वरच्या ओळीतली एक हलकी कळ. पुन्हा तीच जोडी. मग पासफ्रेजची सलग टकटक.

"सर, आत्ता सुरुवातीला काय दाबलंत?"

"कॅप्स लॉक आणि दोन. ऐकू येत नव्हतं म्हणून आवाज वाढवला."

तीच ती गोष्ट. आवाज वाढवायला तिथे कोणी नव्हतंच. त्या टप्प्यावर कॅप्स लॉक ही नुसती कॅप्स लॉक होती आणि दोन म्हणजे नुसता दोन. प्रत्येक वेळी पासफ्रेजच्या आधी एखाद-दोन आकडे घुसत होते आणि अक्षरं कधी मोठी, कधी लहान होत होती. कीबोर्डवरचा दिवा हे सांगत असणार. तो आम्हा दोघांनाही दिसत नव्हता. आणि ती सवय तासाभरापूर्वी मीच त्यांच्या बोटांना लावली होती. मुक्या टप्प्याबद्दल मी बजावलं, पण तिथे ही कळ तुमची राहत नाही, एवढं एक वाक्य माझ्याकडून राहून गेलं.

बंद करून चालू. या वेळी सरांनी हात मांडीवर ठेवले, मोजले, पासफ्रेज टाइप केली, एंटर. मी सतरापर्यंत मोजलं असेल. मग ओर्काचा आवाज आला. लॉगिनचा पडदा, नावाची जागा.

खरं काम तिथून पुढे होतं. प्रत्येक वेळी अंदाजाने तीस मोजायचे, हा काही उपाय नव्हे. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सुरुवातीच्या सुरासाठी एक ओळ आधीच लिहिलेली असते, पण पुढे चिन्ह टाकून बंद ठेवलेली: ४८० ४४० १. वेग, मग स्वराची कंपनसंख्या, मग किती वेळ. इंस्टॉलरचे बीप या लॅपटॉपवर ऐकू आले होते, म्हणजे हाही येणार. सरांनी नॅनो हा मजकूर बदलायचा प्रोग्रॅम उघडला, ते चिन्ह स्वतः खोडलं, ग्रब अद्ययावत केला. पुन्हा सुरू केल्यावर एक स्वच्छ स्वर वाजला. आता मोजायला ठाम सुरुवात मिळाली. स्वर वाजला की एंटर, म्हणजे मेनूचे पाच सेकंद वाचतात, आणि तिथून मोजणी. पाच मोजून टाइप केलं तेव्हा उघडलं नाही. दहाला उघडलं. पुन्हा दहाला उघडलं. आम्ही पंधरा ठरवले. मी सगळे आकडे टिपून घेतले. वायरने नेटवर्क जोडलेलं असेल तर या टप्प्यावर ड्रॉपबेअर हा दुरून लॉगिन करू देणारा छोटा प्रोग्रॅम बसवून दुसऱ्या बोलत्या संगणकावरूनही कुलूप उघडता येतं. तेही सरांना सांगून ठेवलं, पण त्यांना त्यात रस नव्हता. त्यांना आपल्याच कीबोर्डवरून उघडायचं होतं.

माझ्या अहवालात त्या दिवशी दोन नोंदी गेल्या. एक, नाव न सांगणाऱ्या रेडिओ बटणांची. दुसरी आमच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेसाठी: कॅप्स लॉकच्या कळा शिकवतो त्याच परिच्छेदात लिहा, की पासफ्रेज देईपर्यंत ही कळ दाबायची नाही.

मी हे टाइप करत होते तेव्हा सरांनी टर्मिनल उघडून दुसरी डिस्क जोडली होती. ओर्काला ई-स्पीकचा मराठी आवाज दिला होता, त्यामुळे फाइलींची देवनागरी नावं अडखळत का होईना पण वाचली जात होती. एका नावावर ते थांबले, मागे गेले, पुन्हा ऐकलं.

"हे मी शोधत होतो," म्हणाले, आणि हेडफोन लावला.