धापर्यंत मोजतो

"मॅडम, मी धापर्यंत मोजतो. तवर श्वास आला न्हाई तर दादाला हलवतो."

हे सांगणारा पोरगा तेरा वर्षांचा. त्याला कुणी काही विचारलेलंही नव्हतं. तो आपला दादाची पिशवी धरून दाराशी उभा होता. माझ्यासमोर दादा बसला होता, शेजारी वस्ताद, आणि टेबलावर माझा तक्ता. त्या तक्त्यावरचं वजन बघून मी आधी खरं तर खूश झाले होते. या गोष्टीला आता चार महिने झाले, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून पैलवानाची आणि वस्तादांची परवानगी घेऊन, नाव-गाव टाळून लिहितेय.

मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ आहे. आहारतज्ज्ञ म्हटलं की लोकांना वाटतं, वजन उतरवून देणारी बाई. माझ्याकडे येणाऱ्यांत वजन वाढवायला येणारेही बरेच असतात. क्षयातून उठलेले असतात, लग्न ठरलेल्या बारीक मुली असतात, आणि हंगामाच्या आधी येतात ते तालमीतले पैलवान. बाकीचे पेशंट वजन करताना चप्पल काढतात, घड्याळ काढतात, श्वास रोखून धरतात. पैलवान दोन तांबे पाणी पिऊन काट्यावर चढतो. म्हणून त्यांना मी सकाळी सातला, पोट साफ झाल्यावर, नुसत्या चड्डीवर बोलावते. त्याशिवाय तो आकडा मी लिहून घेत नाही.

हा दादा पहिल्यांदा आला तेव्हा एकवीस वर्षांचा, उंची १७४ सेंटिमीटर, वजन ७९ किलो, कंबर ८२. अंग कातीव. बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या हिशेबाने तो तेव्हाही २६ च्या वर, म्हणजे कागदावर जाडच. बीएमआय स्नायू आणि चरबी वेगळी करत नाही, त्यामुळे पैलवानाला त्याचा काही उपयोग नाही हे मी किती डॉक्टरांना सांगितलं असेल. मी कंबर मोजते, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरून. उंचीच्या निम्म्याच्या आत कंबर हवी. याच्यासाठी तो आकडा ८७.

त्याला खुल्या गटात लढायचं होतं. बाहेरच्यांना ही गोम कळत नाही म्हणून सांगते. महाराष्ट्र केसरीची गदा मिळते ती खुल्या गटात, आणि तो गट ८६ ते १२५ किलोचा. ७४ किंवा ७९ किलोत कुणी कितीही देखणी कुस्ती करो, ती गदा त्याच्या खांद्यावर येत नाही. जत्रेतही तेच. शेवटची, मोठ्या इनामाची जोड म्हणजे दोन डोंगर समोरासमोर. लोक त्यासाठीच थांबतात. हलक्या वजनाच्या चपळ कुस्त्या दुपारच्या उन्हात उरकतात, अन् तेव्हा निम्मं मैदान रिकामं असतं. मला हे फार लागतं. माझ्या मते आपण प्रेक्षकच या पोरांना जाड करतो.

मी त्याला आखून दिलं ते हळू चालीचं होतं. महिन्याला दीड किलो, सहा महिन्यांत ८८. रोजच्या गरजेपेक्षा चारशे-साडेचारशे कॅलरी जास्त, त्यापेक्षा जास्त नाही. प्रथिनं दिवसाला १४० ग्रॅमच्या आसपास, ती एकदम न खाता पाच-सहा वेळांत वाटून. दूध दीड लिटर. तो गंगावेशीतल्या कट्ट्यावर पहाटे समोर धार काढलेलं म्हशीचं दूध प्यायचा, त्याला मी हात लावला नाही, फक्त निम्मं दूध मेहनत झाल्यावर घ्यायला सांगितलं. थंडाईही ठेवली. तालमीतली थंडाई म्हणजे सणाला मिळणारा गोड रंगीत पेला नव्हे. रात्रभर भिजवून सोललेले बदाम, खसखस, मगजबी, बडीशेप, चार मिरे, वेलची, आणि हे सगळं कुंडीत घोटायचं, घोटणाऱ्याच्या दंडाला घाम येईपर्यंत. घोटणं हासुद्धा व्यायामच. असा खुराक कुठल्याही डब्यातल्या पावडरीपेक्षा बरा, हे मी प्रत्येक पैलवानाला सांगते. डब्यावर काय छापलंय आणि आत काय आहे याची खात्री देता येत नाही, आणि उत्तेजक चाचणीत सापडलं तर भोगावं लागतं ते मुलाला. दुकानदार नामानिराळा राहतो.

पहिले दोन महिने सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. वजन ८२ झालं, कंबर जेमतेम ८३. मग तो यायचा थांबला. हंगाम सुरू झाला होता, आज या गावची जत्रा, उद्या त्या. फोनवर नुसते आकडे यायचे. ८५. ८८. ९१. "कंबर मोजून पाठव," असं मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही आणि मीही मागे लागले नाही. तिसऱ्या वेळी मी फक्त अंगठा पाठवला. तो अंगठा आजही माझ्या फोनमध्ये आहे.

सहा महिन्यांनी तो आला तेव्हा ९३ किलो ४०० ग्रॅम. ठरल्यापेक्षा साडेपाच किलो जास्त. मी काट्याकडे बघून "अरे वा" म्हणाले. हे लिहायला मला जड जातंय, पण म्हणाले. मग टेप घेतला. कंबर ९७.

आमच्या नर्सने रक्तदाब घेतला. १५२ आणि ९८. डॉक्टर गोळ्यांची चिठ्ठी लिहायला लागले. मी थांबवलं, कारण त्याच्या दंडाला गुंडाळलेला पट्टा नीट बसतच नव्हता, चिकटपट्टी सुटून वर येत होती. त्याचा दंड ३९ सेंटिमीटर. नेहमीचा पट्टा ३४ पर्यंतच्या दंडासाठी असतो. आखूड पट्टा जाड दंडाला लावला की दाब खोटा वाढलेला दिसतो. मोठा पट्टा ही काही महागडी वस्तू नाही, पण जिथे मी काम करते तिथे तो मागवून घ्यायला मला दोन वर्षं अर्ज करावे लागले, आणि आलेला एकुलता एक पट्टा त्या दिवशी दुसऱ्याच वॉर्डात होता. स्वतः जाऊन आणला. पाच मिनिटं त्याला शांत बसवलं, पाय जमिनीला टेकवून, गप्पा बंद. १३८ आणि ८८. गोळी टळली. पण एकवीस वर्षांच्या, रोज चार तास घाम गाळणाऱ्या पोराला हाही आकडा शोभत नाही.

"काय बदललं खाण्यात?" मी विचारलं. त्याने वस्तादांकडे बघितलं.

वस्ताद म्हणाले, "तूप वाढीवलं मॅडम. सकाळ-संध्याकाळ दुधात अर्धी-अर्धी वाटी. तुमचं हळूहळूचं गणित बरोबर असंल, पर हंगाम कुणासाठी थांबतोय?"

अर्ध्या वाटीत पन्नास ग्रॅम तूप धरलं तर साडेचारशे कॅलरी. दोन वेळच्या नऊशे. माझ्या हिशेबात एवढी जागाच नव्हती. हे मी बोलत होते तेवढ्यात दाराशी उभा असलेला तो पोरगा धापर्यंत मोजतो ते म्हणाला.

वस्ताद त्याच्यावर डाफरले, "तुला कुणी विचारलं रं?" मग माझ्याकडे वळून, "पैलवान घोरायचाच की मॅडम. त्यात काय?"

मी पोराला आत बोलावलं, खुर्ची दिली. तो बसेना. उभ्यानेच त्याने सांगितलं. तालमीत सगळे ओळीने झोपतात, याची पथारी दादाच्या शेजारी. दादा आधी मोठ्याने घोरतो, मग एकदम गप्प. छाती हलते पण नाकातून हवा येत नाही. त्याने हाताचा तळवा नाकासमोर धरून मला दाखवलं, हवा कशी बघतो ते. "कवा कवा ईसपर्यंत बी जातंय. पर मला भ्या वाटतंय, म्हनून मी धालाच हलवतो." रात्री किती वेळा? "लई वेळा. मग मला झोप लागती."

झोपेत श्वास निदान दहा सेकंद बंद पडला तरच वैद्यकात तो अडकला असं धरतात. हे त्या पोराला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग मी पैलवानाला ते प्रश्न विचारले जे सहा महिन्यांपूर्वीच विचारायला हवे होते. सकाळी डोकं धरतं का? धरतं. दिवसा झोप येते? एसटीत उभ्याने येते. रात्री लघवीला उठतो? दोनदा. हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. रात्री अकराला तूपदूध पिऊन झोपला की पहाटे पुलावर गेल्यावर, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान केल्यावर, आंबट घशाशी येतं, म्हणून पूल टाळतो. मांड्या एकमेकींना घासून सोलवटतात, लंगोटाखाली चिघळतात, लाल मातीत आग होते. तालमीचा संडास खाली बसायचा, तिथे उठताना भिंत धरावी लागते. पंगतीत मांडी घालून जेवता येत नाही. त्याच्या पायात चप्पल होती. पहिल्या वेळी तो बूट घालून आला होता, मला आठवलं. "वाकून नाडी बांधायला दम लागतोय," तो जमिनीकडे बघून म्हणाला.

दहा-वीस मिनिटांची कुस्ती धरणारा गडी बुटाच्या नाडीला दमत होता, आणि माझ्या तक्त्यात त्याचं वजन, कंबर, दंड, मांडी, चामडीच्या घड्या असं सगळं होतं. मानेचा रकाना नव्हता. झोपेचा नव्हता. मान मोजली तर ४४ सेंटिमीटर. पैलवानाची मान मुळातच जाड असते, त्यात चरबीची भर पडली की घशाची वाट आणखी अरुंद होते. वजन वाढवणाऱ्याला मी भूक विचारायचे, पोट विचारायचे. राहतोस कसा, ते विचारायचं राहून गेलं.

छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रात्रभराची झोपेची तपासणी झाली. तासाला २२ वेळा श्वास अडकत होता. १५ ते ३० म्हणजे मध्यम. त्यांनी सीपॅपचं, म्हणजे झोपेत हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवणारं मशीन सुचवलं आणि वजन उतरवायला सांगितलं. मशीन म्हणजे रात्रभर वीज आणि नाकावर मास्क. सोळा पोरं झोपतात त्या हॉलमध्ये प्लग दोन, एक पंख्याचा आणि दुसऱ्यावर सगळ्यांचे मोबाईल. तरी वस्तादांनी महिन्याभराच्या भाड्याने मशीन आणलं, आणि स्वतः वायर ओढून तिसरा प्लग काढून दिला. त्यांच्यावरचा माझा राग तिथे निम्मा झाला.

उरलेल्या निम्म्यावरून आमचा वाद झाला. मी म्हटलं, ८६ ला आणू, गट बदला. तालमीत खाशाबा जाधवांचा फोटो आहे. १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं ते ५७ किलोच्या गटात, मी आठवण करून दिली. वस्ताद शांतपणे म्हणाले, "आनलं की. पर जायला वर्गणी काढाया लागली, प्राचार्यांनी घर गहाण टाकलं. ह्याच्या बापाकडं टाकायला घर न्हाई." आणि पुढे म्हणाले, "खुल्या गटात ८६ चा गडी ११० च्या खाली गावला तर मान मोडंल, गुडघा जाईल. ते तुमच्या कागदावर कुठं लिवताय?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही पूर्ण नाही. भारी माणसाखाली हलका माणूस दबतो हे खरंच आहे. वजन त्याचं रक्षणही करत होतं आणि रात्री गळाही आवळत होतं. मुलाला विचारलं तर म्हणाला, "तुम्ही दोघं ठरवा." ते मला सगळ्यात कमी आवडलं. अंग त्याचं आहे.

शेवटी ठरलं ते असं. तूप दिवसाला तीन चमचे. रात्री आठनंतर दूध नाही. कुशीवर झोपायचं. प्रथिनं तेवढीच, जोर-बैठका तेवढ्याच, आठवड्याला चारशे ग्रॅमच्या वर उतरायचं नाही, नाहीतर ताकद जाते. आधी ८९-९० ला थांबायचं, मान आणि पाठ बळकट करायची, कंबर ९० च्या आत आणायची. मग पुन्हा तपासणी, आणि त्यानंतर गटाचं बोलायचं.

आणि मी त्या लहान पोराला एक वही दिली. मोजायचंच आहे तर लिही, म्हटलं, पण रात्री दहा वाजेपर्यंतच जाग, त्यानंतर झोपायचं. तुझीही वाढ व्हायचीय. त्याने विचारलं, "मला बी वाढवनार का तुमी?" मी त्याची उंची भिंतीवर पेन्सिलने मारून ठेवली आणि म्हटलं, आधी ही वाढू दे.

मागच्या आठवड्यात तिघं आले. वजन ८९ किलो ८००, कंबर ९१, मोठ्या पट्ट्याने रक्तदाब १३० आणि ८२. मशीन परत केलंय. महिन्याचं भाडं पुन्हा जमलं नाही. पायात बूट होते. पुढच्या जत्रेतली त्याची जोड लागलीय, समोरचा १०८ किलोचा आहे. वस्तादांनी सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

वही मी चाळली. पानापानांवर रेघा, जितक्या वेळा हलवलं तितक्या. सुरुवातीला अकरा, चौदा, एका रात्री सतरा. मग सहा. मग चार. शेवटच्या आठवड्यात तीन दिवस रेघच नाही. तारखेपुढे वाकड्या अक्षरात लिहिलंय, 'मला झोप लागली.'

दादाचा श्वास अडकला नाही म्हणून लागली, की पोरगं दिवसभराच्या मेहनतीने दमलं म्हणून, हे त्यालाही सांगता येईना. झोपेची तपासणी पुन्हा करायला लिहून दिलंय. तारीख मिळालीय ती जत्रेनंतरची.