तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा पोराला स्टेरॉइड कशाला देता?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, शाळेच्या गेटवर, आणि परवा तर मेडिकलवाल्या दादांनीही चिठ्ठी हातात धरून विचारलं, ताई हे लहान मुलासाठीच आहे ना नक्की. दरवेळी मी कसंबसं दोन वाक्यांत उत्तर देते आणि घरी आल्यावर भांडी घासताना मनातल्या मनात पूर्ण उत्तर देत बसते. आज ते लिहूनच टाकते.

माझ्या मुलाला, चिकूला, दर महिन्याला ताप येतो हे तुम्हाला माहितीये. घसा लाल होतो, तोंड येतं, मानेला गाठी येतात, चार-पाच दिवस पोरगं फणफणत असतं आणि मग एका सकाळी उठून सायकल मागतं. त्याला पीएफएपीए म्हणतात हेही मी बऱ्याच जणांना सांगितलंय, आणि ते नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, हे इन्फेक्शन नाही. शरीराची जी जंतूंशी लढणारी यंत्रणा असते ती जंतू नसतानाच पेटते आणि आपली आपण विझते. त्यामुळे तुमच्या मुलांना त्याच्यापासून काही लागणार नाही, त्याला वाढदिवसाला बोलवत जा.

आता स्टेरॉइड. आम्ही देतो ते प्रेडनिसोलोनचं सिरप, ताप चढायला लागला की एक डोस, वजनाच्या हिशोबाने किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅममध्ये डॉक्टरांनी ठरवून दिलेला. एकच. रोज नाही, आठवडाभर नाही. किडनीच्या नेफ्रॉटिकसारख्या आजारात मुलांना हेच औषध कित्येक आठवडे रोज घ्यावं लागतं आणि तुम्ही जे ऐकलेलं असतं, चेहरा सुजतो, वाढ खुंटते, ते तशा लांबलेल्या कोर्सबद्दल असतं. तुमची भीती कुठून येते तेही मला कळतं. 2021 मध्ये आपल्याकडे म्युकरने लोकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले, आणि त्यात शुगर आणि स्टेरॉइड या दोन गोष्टींची नावं रोज बातम्यांत होती. माझ्या मावसजावेच्या घरात हे घडलंय. ती जेव्हा मला म्हणते नको गं देऊस, तेव्हा मी तिच्याशी वाद घालत नाही. बाकीच्यांशी घालते.

कारण बाकीच्यांनी तो पावसाळा बघितलेला नाही.

चिकू तेव्हा अडीच-तीन वर्षांचा. आजाराला नाव नव्हतं. ऑगस्टमध्ये नाशिकला घरोघरी डेंग्यू, त्यामुळे ताप आला की पहिली एनएस-वन, ती निगेटिव्ह, मग टायफॉइडची, ती निगेटिव्ह, लघवी तपासली, कल्चर लावलं, कशातच काही नाही, फक्त सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, भरमसाट वाढलेला आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या. रिपोर्ट बघून कुणीही म्हणेल इन्फेक्शन आहे. ताप एकशे चार. पॅरासिटामॉल दिलं की एक-दीड डिग्री उतरायचा आणि औषधाची वेळ व्हायच्या आत पुन्हा वर. कपाळावर पट्ट्या ठेवून ठेवून माझ्या बोटांची कातडी सुरकुतलेली. शेवटी अ‍ॅडमिट केलं.

त्या हॉस्पिटलचं नाव मी घेणार नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. इंट्राकॅथ लावायला शीर सापडेना. डावा हात झाला, उजवा झाला, मग पाय. ह्यांनी त्याचे खांदे धरलेले, मी गुडघे धरलेले, सिस्टर बिचारी घामाघूम, आणि चिकू रडायचा थांबून एकदम स्पष्ट आवाजात मला म्हणाला, "आई, मी शहाणा आहे ना?" मी म्हटलं हो रे राजा. तर म्हणाला, "मग सांग ना त्यांना." मी काही सांगितलं नाही. गुडघे धरून राहिले. हे वाक्य मी आजवर ह्यांच्याशीसुद्धा बोललेले नाही, त्यांनीही ते ऐकलं होतं, आणि आम्ही दोघंही ते ऐकलंच नाही असं वागतो.

मग इंजेक्शनं सुरू झाली. एक अँटिबायोटिक, दुसऱ्या दिवशी ते बदलून त्याच्यापेक्षा भारी. चौथ्या दिवशी पहाटे ताप गेला तो गेलाच, दुपारी पोरगं कॉरिडॉरमध्ये सलाईनचा स्टँड ढकलत फिरत होतं आणि त्याला पाव हवा होता. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं की अँटिबायोटिकला चांगला प्रतिसाद दिला. आम्ही पेढे वाटले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, पुन्हा चौथ्या-पाचव्या दिवशी ताप गेला, पुन्हा कार्डावर तेच वाक्य. तो ताप आपोआप जाणारच होता हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि दर वेळी ते श्रेय शेवटी दिलेल्या औषधाला गेलं.

तिसऱ्यांदा अ‍ॅडमिट असताना मानेच्या गाठींवरून विषय टीबीवर गेला. मॉन्टू, म्हणजे टीबीसाठी हातावर टोचून करतात ती टेस्ट, निगेटिव्ह, छातीचा एक्स-रे स्वच्छ, तरी डॉक्टर म्हणाले एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करून बघू, सहा महिने. नाहीतर गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवू. आणि आता जे सांगतेय ते ऐकून ज्यांना मी आज स्टेरॉइडवरून तावातावाने उत्तरं देते त्यांना नवल वाटेल. मला एकेटी हवी होती. मनापासून हवी होती. कारण टीबी म्हणजे निदान काहीतरी होतं, त्याला नाव होतं, सहा महिन्यांनी संपणार होतं, आणि नातेवाइकांना सांगता आलं असतं. मी ह्यांना म्हटलं, करूया सुरू, बस झालं.

ती थांबली दोन माणसांमुळे. एक माझ्या सासूबाई. त्यांचं कालनिर्णय स्वयंपाकघरात असतं, त्यात दुधाच्या रतिबाचे आकडे, गॅस कधी लावला, बाई कधी आली नाही, सगळं. चिकूचा तापही त्या तिथेच मांडत होत्या, तारखेच्या चौकटीत एक बारीक त. त्या म्हणाल्या, "अगं याचा ताप संकष्टीच्या मागेपुढे येतो, बघ तू." त्यावरून घरात बरंच काय काय झालं, कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, कुणी अंगारा पाठवला, मी चिडले, पण पानं उलटून बघितली तर खरंच. चार आठवडे, थोडं मागे थोडं पुढे, आणि चार आठवडे म्हणजे तिथीच्या महिन्यापेक्षा जरा कमी, त्यामुळे तो त हळूहळू संकष्टीच्या अलीकडे सरकत गेलेला. दुसरे म्हणजे आमचे जुने बालरोगतज्ज्ञ, ज्यांच्याकडे आम्ही फक्त लसी घ्यायला जायचो. त्यांनी मोबाइलवर काढलेले ते कालनिर्णयाचे फोटो एकेक करून मोठे करून बघितले आणि म्हणाले, एकेटीला पंधरा दिवस थांबा, आणि तो चांगला धडधाकट असताना त्याचं रक्त आणून द्या.

धडधाकट पोराला सुई कशाला टोचता, हेही मग विचारून झालंच. पण त्या एका तपासणीने सगळं बदललं. सीआरपी नॉर्मल, पेशी नॉर्मल. वजन-उंचीही वयाप्रमाणे बरोबर वाढत होती. टीबी असता तर मधले दिवस असे कोरडे ठणठणीत गेले नसते, असं ते म्हणाले आणि त्यांनी मुंबईला लहान मुलांच्या रूमॅटॉलॉजीला, म्हणजे सांधे आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या विभागाला, चिठ्ठी दिली.

मुंबईलाही लगेच कुणी बाटली हातात दिली नाही, हे मुद्दाम सांगते कारण लोकांना वाटतं आम्ही झटपट उपाय शोधला. पीएफएपीएसाठी एक अशी टेस्टच नाही. बाकीचं सगळं नाही ना हे बघत बघत तिथे पोचावं लागतं. ठरावीक दिवसांनी पांढऱ्या पेशी घटतात असा एक आजार असतो, त्यासाठी काही आठवडे आठवड्यातून दोनदा रक्त. ब्लड कॅन्सर नाही ना म्हणून स्मिअर, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून पेशी बघणं, कारण तिथे आधीच स्टेरॉइड गेलं तर तो आजार काही काळ लपतो आणि निदान चुकतं. तुर्की, अरब, आर्मेनियन लोकांत आढळणारा एक आनुवंशिक ताप आहे त्याबद्दलही विचारलं, घराण्यात कुणाला असं होतं का. हे सगळं झाल्यावर मग पहिल्या डोसची परवानगी. त्यामुळे कुणी हे वाचून आपल्या मुलाच्या तापाला स्टेरॉइड देऊन बघणार असेल तर तसं करू नका, हात जोडते.

पहिला डोस संध्याकाळी दिला. कडू असतं ते, अर्धं ओकून टाकेल की काय म्हणून मी वाटी घेऊनच बसलेली. मध्यरात्रीच्या आत घाम येऊन अंग गार, आणि तो ताप पुन्हा आलाच नाही. तोंडातले फोड राहिले दोन-तीन दिवस, पण ताप नाही. सगळ्यांना वाटतं मला आनंद झाला असेल. मला राग आला. एवढासा डोस. मग ते हात, ते पाय, ते "मग सांग ना त्यांना" कशासाठी होतं? 1987 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बारा मुलांबद्दल हे लिहून ठेवलंय, म्हणजे माझ्या स्वतःच्या लहानपणापासून हे माहीत आहे, आणि आमच्या गावात तीन अ‍ॅडमिशनमध्ये कुणी हे नाव उच्चारलं नाही. आता शांत डोक्याने विचार केला तर कळतं की डेंग्यूच्या दिवसांत खाटा भरलेल्या असताना ताप आलेल्या पोराबद्दल कुणी आधी इन्फेक्शनचाच विचार करणार, आणि केलाच पाहिजे. कळतं. राग जात नाही.

आणि मग जे घडलं ते मी तुम्हाला लिफ्टमध्ये सांगत नाही कारण तुम्ही लगेच म्हणाल बघ, आम्ही म्हटलं नव्हतं. पुढचा ताप लवकर आला. त्याच्यापुढचा आणखी लवकर. असं काही मुलांत होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, डोस ती खेप मोडतो पण पुढची थांबवत नाही, उलट कधी कधी जवळ ओढतो. घातक नाही, पण त्रास आहे. मध्ये कोल्चिसिन देऊन बघितलं, खेपांमधलं अंतर वाढतं का बघायला, पोट इतकं बिघडलं की बंद करावं लागलं. तर आता प्रत्येक खेपेला आम्ही ठरवतो, द्यायचं की नाही. त्याला गिळताच येत नसेल, पाणीसुद्धा नको म्हणत असेल तर देतो. नुसता ताप असेल, शनिवार-रविवार असेल, तर अंगावर काढतो.

या ठरवण्यातच माझी अडचण आहे. पूर्वीची मी, म्हणजे सुरुवातीचे कित्येक महिने स्टेरॉइडला ठाम नाही म्हणणारी, ती मला अजून विचारते की ऑफिसचं ऑडिट असतं त्या आठवड्यात तुझा हात बाटलीकडे लवकर जातो का? जातो. माझ्या रजा संपलेल्या असतात, ह्यांना शिफ्ट बदलून मिळत नाही, सासूबाईंची गुडघेदुखी. मी तिला सांगते की त्या आठवड्यात चिकूही शाळेत जातो, स्नेहसंमेलनात नाचतो, त्याचं बालपणसुद्धा महिन्यातल्या त्या पाच दिवसांत कापलं जात होतं. ती म्हणते, हो, पण तू आधी ऑडिट म्हणालीस. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तिला गप्प करायचीही माझी इच्छा नाही, कारण ती होती म्हणून सगळ्या तपासण्या होईपर्यंत आम्ही थांबलो.

राहिला दुसरा प्रश्न, जो हल्ली पहिल्यापेक्षा जास्त येतो, टॉन्सिल सरळ काढून का टाकत नाही. त्यावर आमच्या घरातच एकमत नाही. 2007 मध्ये फिनलंडमध्ये 26 मुलांवर अभ्यास झाला, 14 जणांचे टॉन्सिल काढले, सहा महिन्यांनी चौदाच्या चौदा मुलांचा ताप बंद. पण ज्या 12 जणांचं ऑपरेशन केलं नाही त्यांतल्याही सहा जणांचा बंद झालेला. 2009 मध्ये इटलीत 39 मुलं, दीड वर्ष लक्ष ठेवलं, ऑपरेशन झालेल्या 19 पैकी 12 पूर्ण बरी, आणि न झालेल्या 20 मध्ये फक्त एक. चिकूचे बाबा इटलीवाला धरून बसलेत, मी फिनलंडवाला. त्यांचं म्हणणं अजून किती वर्षं त्या पोराने हे सोसायचं. माझं म्हणणं, बहुतेक मुलांचं हे वय वाढतं तसं जातं, तर भूल, नंतरच्या रक्तस्रावाचा धोका, पुन्हा तो इंट्राकॅथ, हे सगळं मी अशा गोष्टीसाठी का करू जी कदाचित पुढच्या वर्षी आपोआपच जाईल. ते म्हणतात कदाचित. मीही म्हणते कदाचित. दोघांचा शब्द एकच असतो आणि भांडण रात्री अकरापर्यंत चालतं.

दिवाळीनंतर ईएनटीची अपॉइंटमेंट घेतलीय, दाखवायला, ऑपरेशन ठरवायला नाही, निदान माझ्या मते तरी. मला त्यांना एवढंच विचारायचंय की फिनलंडमधल्या त्या न कापता बऱ्या झालेल्या सहा मुलांसारखा आमचा मुलगा आहे की इटलीतल्या ऑपरेशनशिवाय बऱ्या न झालेल्या त्या एकोणीस जणांसारखा, हे आधी ओळखायची काही सोय आहे का. रूमॅटॉलॉजीच्या डॉक्टरांना विचारलं होतं, त्या नाही म्हणाल्या. तरी विचारणार आहे.