आज्जी पण एफवायला, नात पण एफवायला

मी ५९ वर्षांची, सोलापूरजवळ कुंभारीला बिडी कामगारांच्या गोदूताई वसाहतीत राहते, बिड्या वळते आणि गेल्या जूनपासून बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. माझी नात पण त्याच वर्गात. या वयात अभ्यास कसा जमतो म्हणून सगळे विचारतात, अभ्यासाचं सोडा ओ, कागदं गोळा करण्यातच माझी निम्मी डिग्री झाली. तेच लिहायलेय, कारण वसाहतीतल्या चार-पाच जणी आता मला विचारायला लागल्यात.

सुरुवात २०२२ ला झाली. बारकी, म्हणजे नात, दहावीला होती. ती मोठ्यानं वाचायची आणि मी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत ऐकायची. हजार बिड्या होईपर्यंत उठायचं नसतं, त्यामुळं कान रिकामेच. दिवाळीच्या आधी एकदा ती सनावळ्या विसरली आणि मी सांगितल्या, तर पोरगी म्हणली आज्जी तू १७ नंबर फॉर्म भर की.

१७ नंबर म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. पाचवी पास असलं तरी चालतं, मी तर सातवी. पण शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे, आणि माझा दाखला जुन्या घराच्या पत्र्यातून गळणाऱ्या पाण्यात कधीच लगदा झालेला. मग शाळेत गेलो. तिथल्या क्लार्कनी तीन हेलपाटे घालायला लावले, चौथ्या वेळी जुनं रजिस्टर काढलं, कापडी पुठ्ठ्याचं, उघडलं की पानं कडाकडा वाजायली. बोट फिरवत फिरवत १९७९ ला आले आणि थांबले. माझं नाव, वडलांचं नाव, माहेरचं आडनाव, जन्मतारीख १ जून १९६६. वरच्या पोरीची १ जून, खालच्या पोराची पण १ जून. आमच्या वेळी गुरुजी सगळ्यांना शाळा सुरू व्हायच्या हिशोबानंच जन्माला घालायचे. प्रतिज्ञापत्र करून दिलं, डुप्लिकेट दाखला मिळाला.

दहावी २०२३ ला दोघींनी एकाच वर्षी दिली, ती शाळेतून, मी बाहेरून. गणितात ३६, काठावर, पण पास ते पास. बाहेरून बारावीला बसायचं तर दहावीनंतर दोन वर्षं जावी लागतात, ती पण दोघींची बरोबर जुळली. बारकीनं आर्ट्स घेतलं, मग पुस्तकांचा एकच सेट दोघीत. दिवसा तिच्याकडं, रात्री माझ्याकडं. ५ मे २०२५ ला निकाल लागला, दोघी पास.

खरी कटकट नावाची. दाखल्यावर माहेरचं नाव म्हणून दहावी-बारावीच्या मार्कलिस्टवर पण तेच, आणि आधार, रेशन, बँक, बिडीचं ओळखपत्र सगळ्यावर सासरचं. त्यात आडनाव तेलुगू, प्रत्येक ऑफिसनी आपल्या मनानं स्पेलिंग लावलेलं. लग्न ८३ सालचं, नोंदणी कुणी केली तेव्हा. शेवटी सरकारच्या राजपत्रात नाव बदलल्याचं छापून आणलं, ज्याला सगळे गॅझेट म्हणतात. अर्ज ऑनलाइन, ओटीपी पोराच्या मोबाइलवर आणि पोरगा यंत्रमागावर, तिथल्या खडखडाटात फोन ऐकू येतोय होय? तीन ओटीपी गेले वाया. बायांनो, तुम्ही आधी गॅझेटचं बघा, बाकीचं मागून. आणि फॉर्म भरताना नंबर स्वतःचा टाका.

कॉलेजला वयाची अडचण आली नाही. सातवीनंतर चाळीसेक वर्षं काय केलं त्याचं गॅप सर्टिफिकेट मात्र मागितलं, त्यात काय लिहू, बिड्या वळल्या असं लिहिलं. मग निघाला रॅगिंग करणार नाही म्हणून लिहून द्यायचा कागद. त्यावर विद्यार्थ्याची सही आणि खाली पालकाची. बारकीचा पालक तिचा बाप, माझा पालक कोण? सासू-सासरे, आई-वडील सगळे गेलेले. क्लार्क पण हसले, म्हणले मुलाची घ्या. तर माझ्या पोरानं एकाच टेबलावर दोन सह्या केल्या, एक पोरीचा बाप म्हणून आणि एक आईचा पालक म्हणून. घरी आल्यावर मला म्हणतो, आता माझं ऐकायचं.

कॉलेजच्या रजिस्टरला बारावीच्या मार्कलिस्टवरचंच नाव राहतं, गॅझेटची कॉपी नुसती जोडायची. त्यामुळं पहिल्या दिवशी सरांनी हजेरीला माहेरचं नाव घेतलं. मी गप्प. दुसऱ्यांदा घेतलं, तरी गप्प. बारकीनं कोपर मारलं, अगं तूच की. आई गेल्यापासून ते नाव कुणी घेतलंच नव्हतं ओ. उठून हजर म्हणलं पण आवाज फुटला नाही नीट.

वर्गात मी पहिल्या बाकावर, लांबचं दिसत नाही. बारकी शेवटच्या, ओळख दाखवत नाही. एसटीत मात्र शेजारी, तिचा पास, माझं हाफ तिकीट. आधी सूप उरकून निघायचं, संध्याकाळी कारखान्यात बिड्या देऊन यायच्या. नवीन धोरणामुळं मेजर, मायनर, क्रेडिट असलं कायकाय आहे, ते बारकी बघते. इंग्रजी मला अजून जड जातं. पण इतिहासाच्या तासाला सरांनी सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉचं विचारलं, चार हुतात्मे कोण, तर सगळा वर्ग पुतळे रोज बघणारा आणि नावं कुणाला येईनात. मी सांगितली, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. सासरे मिलमध्ये होते, दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेला निघताना पहिलं हेच सांगायचे, मग पाळणा.

पहिल्या सेमला मला इंग्रजीत केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला. बारकी सगळ्यात पास, पण इतिहासात माझ्यापेक्षा चार मार्क कमी. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी इंग्रजीचं पुस्तक आणून सुपाशेजारी आपटलं आणि म्हणली, वाच.