पणजोबा शोधायला गेलो अन् आत्या सापडली

आमचं गाव उदगीर तालुक्यातलं, आता लातूर जिल्हा. पण 1951 च्या जनगणनेवेळी उदगीर हैदराबाद राज्यात अन् बिदर जिल्ह्यात होतं, हे डोक्यातच नव्हतं, त्यामुळं मी दोन दिवस उस्मानाबादच्या जुन्या याद्यांत गाव हुडकत बसलो. 1956 नंतर उस्मानाबाद, मग 1982 ला लातूर. वंशावळ काढायची असेल तर हे पहिलं बघा, त्या साली गाव कुठल्या जिल्ह्यात होतं ते.

जनगणनेत माणसागणिक भरलेली माहिती कुणाला बघायला मिळत नाही, 1948 चा कायदाच तसाय. छापील खंडात नुसते आकडे, घरं किती, माणसं किती. नावं पाहिजे असतील तर 1951 ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही, ती त्याच जनगणनेवरून घरवार उतरवलेली. आमच्या गावाची तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला निघाली. पानं इतकी ठिसूळ की तिथले काका स्वतःच उलटून दाखवत होते.

आडनाव शोधू नका, कारण नोंद अशी असते, 'माणिक पि. किशन'. पि. म्हणजे पिता. बायांच्या नावापुढं भ्र., भ्रतार म्हणजे नवरा. 'लक्ष्मीबाई भ्र. माणिक' वाचलं अन् आजी डोळ्यासमोर उभी राहिली. वयावर मात्र भरवसा ठेवू नका, आमच्या घरात पणजोबा 60, आबा म्हणजे आजोबा 30, आजी 25, सगळं अंदाजे गोल करून लिहिलेलं. आबांचा जन्म शाळेच्या रजिस्टरला 1326 फसली आहे, फसली म्हणजे निजामाच्या राज्यातलं साल, त्यात 590 मिळवले की 1916 येतं, म्हणजे वय 35 च्या आसपास पाहिजे.

मला पणजोबाचं नाव मिळालं होतं, वही मिटवणारच होतो, तेवढ्यात खालची ओळ दिसली. गंगू पि. माणिक, वय 4. अप्पांचा, म्हणजे वडलांचा जन्म 1953 चा, घरात ह्या नावाचं कधी कुणी बोललं नव्हतं. अप्पांच्या आत्याला फोन लावला, नव्वदीच्या आहेत, भालकीकडं असतात. बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "देवीच्या रोगात गेली रे लेकरा. तुझी आजी नाव काढू देत नव्हती."

म्हणून सांगतो, आपल्याला पाहिजे त्या नावावर थांबू नका, घरातली एकूणएक ओळ वाचा अन् नक्कल पूर्ण पानाची घ्या.

आमच्याकडं वंशावळीत पोरींची नावं घालत नाहीत. अप्पांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली अन् म्हणाले, माझ्या नावाच्या अगोदर तिचं लिही.