डोंगरावरच्या रिपीटरसाठी वीजपुरवठा आणि बॅटरी निवडताना

कुंभार्ली घाटाच्या माथ्याजवळच्या एका पठारावर आमच्या हौशी रेडिओ चालकांच्या गटाचा, म्हणजे हॅम मंडळींचा, एक व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या पट्ट्यातला) रिपीटर आहे. खाली कोकणच्या अंगाला वाशिष्ठीचे खोरे आणि मागे कोयनानगर, पाटण असा दोन्हीकडचा टापू त्याच्या आवाक्यात येतो. हातात धरायच्या पाच वॉटच्या संचावरून बोललेला आवाज डोंगराआड पोहोचत नाही. रिपीटर तो उचलतो आणि जास्त शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करतो. या रिपीटरच्या वीजपुरवठ्याची व्यवस्था आम्हाला एकदा पूर्ण मोडून नव्याने उभी करावी लागली. तो सगळा अनुभव इथे तपशिलाने लिहीत आहे, कारण अशा दुर्गम जागी यंत्रणा उभारणाऱ्या कुणालाही त्यातले आकडे उपयोगी पडतील असे मला वाटते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. त्याच पावसात महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. आमच्या पठारावरची वीज २२ तारखेच्या पहाटेच गेली आणि २३ च्या संध्याकाळी रिपीटर बंद पडला. आमच्या हिशेबाने तो पाच दिवस चालायला हवा होता. ज्या प्रसंगासाठी आम्ही तो उभारला होता, नेमक्या त्याच प्रसंगी तो गप्प झाला, याचे दुःख गटातल्या प्रत्येकाला झाले आणि मला ते आजही आहे.

वर जाणारा कच्चा रस्ता ऑगस्टच्या अखेरीस जीप जाण्याजोगा झाला. खोलीत १५० एएचची (ॲम्पिअर-तास, म्हणजे साठ्याचे माप) एक ट्युब्युलर, म्हणजे शिसे-ॲसिडची, बॅटरी, घरात असतो तसा इन्व्हर्टर आणि त्याच्या २३० व्होल्टवर चालणारा रिपीटरचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे १३.८ व्होल्ट डीसी करून देणारा वीजपुरवठा) अशी मांडणी होती. मी बॅटरीच्या एकेका झाकणातून हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता दाखवणारी तरंगती नळी, घालून पाहिला. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये तरंगती नळी १.२४० च्या आसपास थांबायला हवी; पहिल्या पाच सेलमध्ये ती १.१८० च्या आगेमागे होती आणि सहाव्या सेलमध्ये तर १.१२० पर्यंत बुडाली. वीज परत येऊन महिना झाला होता, तरीही बॅटरी भरलेली नव्हती. एक सेल जवळजवळ गेलेला होता आणि बाकीच्यांच्या प्लेटांवर सल्फेट धरले होते.

मी लगेच दुसरी, अधिक मोठी बॅटरी आणायच्या विचारात होतो. आमच्या गटात दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांनी मला थांबवले. "अहो, हा रिपीटर दिवसाला किती खातो ते मोजलंय का कधी?" त्यांनी विचारले. मी यंत्राच्या माहितीपत्रकातले आकडे सांगितले. "ते कागदावरचं झालं. बॅटरीच्या तारेतून काय जातं ते मोजा," एवढेच ते म्हणाले.

आम्ही बॅटरीच्या ऋण तारेत शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा छोटा रोध) बसवून पंधरा दिवस नोंद घेतली. रिपीटर नुसता ऐकत असताना ०.६ ॲम्पिअर घेत होता आणि २५ वॉटने प्रक्षेपण करताना ७ ॲम्पिअर. दिवसाला सरासरी अडीच तास प्रक्षेपण धरले तर त्याचे साडेसतरा एएच आणि उरलेल्या वेळाचे तेरा, म्हणजे एकंदर तीसच्या थोडे वर. आमचा पाच दिवसांचा हिशेब याच आकड्यावर बेतलेला होता. प्रत्यक्षात बॅटरीतून दिवसाला ७५ एएचच्या घरात प्रवाह जात होता. इन्व्हर्टर काहीही न चालवता, नुसता चालू राहण्यासाठीच सव्वा ॲम्पिअर खात होता. म्हणजे ऐकत बसलेल्या रिपीटरच्या दुप्पट. त्यावर आणखी, बॅटरीचे १२ व्होल्ट आधी २३० करायचे आणि मग एसएमपीएसने ते पुन्हा १३.८ करायचे, या दुहेरी रूपांतरात दोन्ही ठिकाणी घट होत होती. जे यंत्र मुळात १३.८ व्होल्ट डीसीवर चालते, त्याला इन्व्हर्टर लावण्याचे काहीच कारण नव्हते.

त्यामुळे इन्व्हर्टर काढून टाकायचा आणि एसएमपीएस, बॅटरी व रिपीटर एकाच डीसी पट्टीवर जोडायचे, हे ठरले. विजेची लाइन असेपर्यंत एसएमपीएस रिपीटर चालवील आणि बॅटरी भरत राहील. लाइन गेली की मध्ये काहीही न बदलता बॅटरी भार उचलील.

एसएमपीएस मात्र आम्ही पहिल्यांदा चुकीचा निवडला. बाजारात सहज मिळणारा, पत्र्याच्या जाळीदार पेटीतला तीस ॲम्पिअरचा नग आणून लावला. आठवड्याभरात कोयनानगरच्या एका सदस्याने कळवले, की पूर्वी स्वच्छ पोहोचणारा त्याच्या हँडहेल्डचा आवाज आता तुटत तुटत जातो. पण रात्री वीज गेली की सगळे पूर्ववत होते आणि वीज आली की रिपीटर पुन्हा बहिरा होतो. या एका वाक्यातच निदान होते. मी वर जाऊन हँडहेल्डचा अँटेना त्या पेटीजवळ धरला आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा हळूहळू फिरवला, तेव्हा ठरावीक अंतराने खरखरीचे टेकाड लागत होते. एसएमपीएसमधले ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, त्या उघडझापीचे गुणक थेट आमच्या रिसीव्हरच्या पट्ट्यात उतरत होते. रिपीटरचा रिसीव्हर मायक्रोव्होल्टच्या अंशाएवढे संकेत ऐकत असतो, हे लक्षात घेतले तर वीजपुरवठ्याची निवड ही रिसीव्हरच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते.

ट्रान्सफॉर्मरचा जुन्या पद्धतीचा लिनियर सप्लाय अशी खरखर करत नाही, म्हणून तोही आम्ही तपासला. पण त्यात जवळजवळ निम्मी वीज उष्णतेत जाते आणि आमच्या लाइनवर रात्री व्होल्टेज १७० पर्यंत उतरते, तेव्हा त्याचे १३.८ व्होल्ट टिकेनात. शेवटी ९० ते २६४ व्होल्टपर्यंत चालणारा, रेडिओसंचांसाठीच बनवलेला आणि आत फिल्टर असलेला एसएमपीएस घेतला, तो बंद धातूच्या पेटीत ठेवला आणि येणाऱ्या व जाणाऱ्या दोन्ही तारांना फेराइटच्या (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यांतून वेढे दिले. घेण्याआधी विक्रेत्याला एक गोष्ट आवर्जून विचारली: भार मर्यादेपलीकडे गेला तर हा प्रवाह मर्यादेवर धरून ठेवतो, की बंद पडून पुन्हा चालू होत राहतो? आधीचा नग दुसऱ्या प्रकारचा होता. चाचणीसाठी रिकामी केलेली बॅटरी जोडताच तो टिकटिक करत चालू-बंद होत राहिला आणि रात्रभरात बॅटरी काहीच भरली नाही.

बॅटरीबाबत गटात खूप चर्चा झाली. ट्युब्युलर स्वस्त, ओळखीची आणि सोसणारी; पण तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, आणि तिला लागणारे डिस्टिल्ड वॉटर पावसाळ्यात वर नेणे कठीण. शिवाय १५० एएचची एक बॅटरी साठ किलोच्या आसपास भरते. पहिली बॅटरी आम्ही चौघांनी बांबूला बांधून शेवटच्या चढावर नेली होती आणि तेव्हा एकाच्या पायावर ॲसिड सांडले होते. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची बॅटरी बारा-तेरा किलोची असते आणि तिचा ऐंशी टक्के साठा निर्धास्त वापरता येतो. किंमत दुपटीहून अधिक होती. वर्गणी पुन्हा गोळा करावी लागली, पण मी याच बाजूने आग्रह धरला आणि आम्ही अशा दोन बॅटऱ्या घेतल्या.

वापरता येण्याजोगे १६० एएच आमच्यासाठी किती दिवस, याचा हिशेब आम्ही सरासरी दिवसावर न करता पुराच्या दिवसावर केला. अशा दिवशी आठ तास प्रक्षेपण होईल असे धरले, तर २५ वॉटने दिवसाला ६५ एएच लागतात आणि अडीच दिवसांत सगळे संपते. म्हणून लाइन गेली की प्रक्षेपण आपोआप १० वॉटवर येईल असा एक रिले (आपोआप चालणारा स्विच) बसवला. १० वॉटला ४ ॲम्पिअर लागतात. त्याच आठ तासांच्या वापराला मग ४२ एएच पुरतात आणि जवळजवळ चार दिवस मिळतात. एरवीच्या वापरावर सात दिवस. वर सौर पॅनेलही आहे, पण जून ते सप्टेंबर पठारावर धुके उठतच नाही, म्हणून हिशेबात त्याची वीज शून्य धरली आहे.

लिथियमची आणखी एक खोड सांगायला हवी. तिचे व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहते, त्यामुळे मीटरवर १३ व्होल्ट दिसले म्हणून किती शिल्लक आहे ते कळत नाही. आत गेलेला आणि बाहेर पडलेला प्रवाह मोजणारा शंट आम्ही त्यासाठीच कायम ठेवला. भरण्याचे व्होल्टेज १३.६ वर ठेवले आहे, आणि बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने साठा तोडण्याची वेळ येऊ नये म्हणून १२ व्होल्टलाच भार तोडणारा स्विच लावला आहे. बॅटरीपासून रिपीटरपर्यंतच्या दहा मीटरला पूर्वी ४ चौरस मिलिमीटरची तार होती. ८ ॲम्पिअरला तिच्यातच पाऊण व्होल्ट जात होता. आता तिथे १६ ची तार आहे.

अर्थिंगने सर्वांत जास्त श्रम घेतले. खाली कातळ आणि वर वीतभर जांभ्याची माती, त्यामुळे मे महिन्यात एका खड्ड्याचा रोध ४० ओहमच्या वर निघाला. खोल माती सापडेल अशा उताराकडच्या बाजूला आणखी तीन खड्डे घेऊन, ओलावा धरून ठेवणारी बेंटोनाइट माती भरून, सगळे तांब्याच्या पट्टीने टॉवरभोवती एकत्र जोडले, तेव्हा तो दहाच्या खाली आला. मनोरा, अँटेनाच्या केबलचा अरेस्टर (आकाशातल्या विजेचा झटका जमिनीत सोडणारे साधन), विजेच्या लाइनचा अरेस्टर आणि डीसीची ऋण पट्टी या सगळ्यांची जोडणी एकाच ठिकाणी केली आहे.

गेल्या वर्षी जुलैमध्ये खालच्या वळणावर लाइनवर झाड पडले आणि पठारावरची वीज तीन दिवस सहा तास गेली. रिपीटर चालू होता. वीज परतली तेव्हा नोंदीत २०० पैकी १२२ एएच शिल्लक दिसत होते. ऑक्टोबरच्या फेरीत लाइनच्या अरेस्टरच्या खिडकीतला हिरवा पट्टा लाल झालेला आढळला. परतीच्या पावसात विजा पुन्हा कडाडू लागल्या होत्या, म्हणून त्याच दुपारी नवे कार्ट्रिज बसवून आम्ही खाली उतरलो.